फुंकणी

"अगं, ही गाडी थांबली की गार का पडते?"

आईचा हा प्रश्न जर्मनीत, श्टुटगार्टमधल्या बी-१० महामार्गावर, उंटरटुर्कहाइमच्या आसपास आला. २०२३ चा डिसेंबर नुकता लागलेला, बाहेर दोन अंश, रस्ता मात्र कोरडा. तिला एसलिंगेनचा नाताळबाजार दाखवायला निघालो होतो. बाड कानश्टाटच्या आमच्या घरापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पण नेकार नदीच्या कडेने जाणाऱ्या त्या रस्त्यावर डिसेंबरातल्या शनिवारी दुपारी सगळं जग उतरतं, आणि आम्ही त्यात अडकलो. पाच मिनिटांपूर्वी पायांना छान ऊब लागत होती. पुढच्या गाड्या थांबल्या, आम्ही थांबलो, दोन-तीन मिनिटं गेली आणि काच आतून धुरकट व्हायला लागली. सांगलीहून भडंगाच्या पुड्यांबरोबर आणलेली शाल आईने डोक्यावरून घेतली. मी हातरुमालाने काच पुसत बसले.

गाडी माझी आहे. नवऱ्याची नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पेट्रोल पंपावर लोक त्याला प्रश्न विचारतात आणि तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवतो. पोर्शे ९११, कॅरेरा ३.२, १९८६ ची, गडद निळी. २०१० साली घेतली तेव्हा या गाड्यांना आजचा भाव आलेला नव्हता, नाहीतर माझ्यासारख्या पगारदार बाईचा काय पाड. त्सुफेनहाउझनच्या कारखान्यात बनलेली ही गाडी आता तिथून पंधरा-वीस मिनिटांवर राहते. माहेरच्या गल्लीतच सासर मिळालेल्या मुलीसारखी.

"हिच्या इंजिनात पाणी नाही, आई."

"पाणी नाही? मग तापत नाही होय?"

"तापतं. वाऱ्यावर गार होतं. बाबांच्या चेतकसारखं."

हे आईला लगेच कळलं. आमच्या घरी बाबांची चेतक वीस वर्षं होती. सकाळी किक मारायच्या आधी बाबा तिला एका अंगावर कलती करायचे आणि मग दहा वेळा किक. त्या स्कूटरच्या इंजिनावर जे पत्र्याचं झाकण असतं, ते शोभेचं नव्हे. आत फ्लायव्हीलवरच, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावरच, पंखा असतो आणि त्याचा वारा इकडे-तिकडे न जाता सिलिंडरच्या पात्यांवरूनच जावा म्हणून ते झाकण. मोटरसायकलला समोरून वारा लागतो, चेतकचं इंजिन कुशीत दडलेलं, म्हणून तिला पंखा. ९११ चं तेच, फक्त कुशीऐवजी पाठीत. मागच्या चाकांच्याही मागे आडवं पडलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याच्या पाठीशी बेल्टवर फिरणारा मोठा पंखा, आणि पंख्याच्या मधोमध वीज बनवणारा अल्टरनेटर. झाकण उचललं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो हा पंखाच.

आता हीटर. साध्या गाडीत इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डामागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं. गाडी थांबली तरी पाणी गरमच असतं, लहान पंखा वारा मारतो, झालं काम. इथे पाणीच नाही. म्हणून मोठ्या पंख्याच्या वाऱ्यातला थोडा हिस्सा बाजूला काढतात आणि एक्झॉस्टच्या पाइपांभोवती पत्र्याचं दुसरं कवच असतं, त्या दोन पत्र्यांच्या फटीतून पाठवतात. आत जळालेला वायू, बाहेर ताजी हवा, मध्ये पत्रा. या भांड्याला हीट एक्सचेंजर म्हणतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. तिथून तापलेली हवा एका झडपेपाशी येते. हीटर बंद असेल तर झडप ती हवा खाली रस्त्यावर सोडून देते, चालू असेल तर गाडीत. आणि गाडीत म्हणजे कुठून? दारांखालचे जे उंबरे असतात ना, ते पोकळ आहेत. त्या उंबऱ्यांमधून हवा पुढे पायांशी आणि समोरच्या काचेपर्यंत जाते. इंजिन मागे आणि काच पुढे, म्हणजे बिचारीला अख्खी गाडी पार करायची.

इथेच मेख आहे. मी नोकरीत दिवसभर वॉशिंग मशीन आणि पंख्यांच्या मोटारी तपासते, त्यामुळे हे गणित माझ्या हाडीमाशी आहे: पंख्याचा वेग निम्मा झाला की वारा निम्मा होतो, पण दाब चौथाई होतो. महामार्गावर इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं. सिग्नलला उभं राहिलं की ९०० च्या आसपास. वारा तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी, आणि दाब? अकरावा हिस्सा. एवढ्याशा दाबाने हवा हीट एक्सचेंजर, झडप, उंबरा, वळणं हे सगळं ओलांडून काचेपर्यंत पोहोचणार कशी? पाइप तेव्हाही तापलेलेच असतात. ऊब आहे, पण ती तुमच्यापर्यंत आणायला कोणी नाही.

हे सगळं मी आईला इतकं नीट सांगितलं नाही अर्थात. हातवारे करत सांगितलं. पुढची गाडी दहा फूट सरकली, मी दहा फूट सरकले.

"मग कंपनीला हे कळलं नव्हतं का?"

कळलं होतं. ही तक्रार ९११ इतकीच जुनी आहे. साठच्या दशकातल्या काही ९११ मध्ये पुढच्या डिकीत पेट्रोलवर जळणारा वेगळा हीटरच असायचा, म्हणजे सामानाशेजारी एक छोटी भट्टी. असे हीटर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एक, एबरश्पेषर, ही याच एसलिंगेनची. आमच्या कॅरेरापर्यंत येता येता भट्टी गेली आणि तिच्या जागी विजेवर चालणारा जादा पंखा आला. इंजिनाच्या खोलीत डाव्या हाताला, काळा, पोटफुगा. मोठा पंखा सुस्तावला की हा त्या वाटेत स्वतःचा वारा घालतो. कॅरेरा ३.२ मध्ये याच्या जोडीला पुढे पायांजवळ आणखी दोन छोटे पंखे दिले. मागचा ढकलतो, पुढचे ओढतात.

"मग तुझ्या गाडीत तो नाहीये का?"

"होता. आधीच्या मालकाने काढून टाकला."

आई थोडा वेळ शालीतून समोर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चूल पेटलेली आहे आणि फुंकणी काढून ठेवलीय म्हण की."

चूल आणि फुंकणीचं गणित थोडं वेगळं आहे, फुंकणीने विस्तव फुलतो आणि इथे विस्तवाला हातही लागत नाही, फक्त ऊब पुढे जाते. पण हे तिला सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पंख्याचं नाव फुंकणीच पडलं.

आधीच्या मालकाचीही बाजू सांगायला हवी. तो एकटाच असं करणारा नव्हे. हा पंखा काढून टाकायचा आणि मोठ्या पंख्याच्या कवचापासून हीट एक्सचेंजरकडे सरळ पाइप टाकायचा, हे काम ९११ वाल्यांमध्ये इतकं रुळलंय की तयार पाइप विकत मिळतो. कारणं तीन सांगतात. वजन कमी होतं. इंजिनाची खोली जुन्या गाड्यांसारखी मोकळी, देखणी दिसते. आणि पंख्याची मोटार जुनी झाली की कुरकुरते, तिची डोकेदुखी जाते. वजनाचं म्हणाल तर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो पंखा ठेवून पाहिला, तीन किलोला थोडा कमी भरला. एवढं वजन तर माझं दर दिवाळीला वाढतं. देखणेपणाचं मात्र खरं आहे, तो पाइप टाकला की झाकण उघडल्यावर इंजिन छान दिसतं. पण गाडीचं झाकण उघडून रस्त्याने जात नाहीत.

शिवाय इथे बहुतेक लोकांना या हीटरशी देणंघेणंच नसतं. जर्मनीत जुन्या गाड्यांना हंगामी नंबरप्लेट मिळते, मार्च ते ऑक्टोबर अशी. रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी गॅरेजात, अंगावर पांघरूण, थेट वसंतात बाहेर. उन्हाळ्यातच चालवायची असेल तर फुंकणी कशाला हवी? मी मात्र बारमाही नंबर ठेवला. ३० वर्षं झाल्यावर २०१६ मध्ये तिला जुन्या गाड्यांचा एच नंबर घेतला. वर्षाला १९१.७३ युरो कर, गाडी लहान असो की मोठी, तेवढाच. तपासणाऱ्या काकांनी त्या सरळ पाइपकडे पाहिलं, एक भुवई वर केली आणि पुढे गेले. मीठ दिसलं की मी गाडी काढत नाही, पण कोरडा, उन्हाचा, कडाक्याचा हिवाळी दिवस असला तर या इंजिनाला त्याच्याइतकं मानवणारं काही नाही. गार हवा, घट्ट हवा, इंजिन खुशीत. माणसं मात्र आत काकडत.

तर, बाजारातून परत आल्यावर (आईने गरम मसाल्याची वाइन हुंगून परत दिली आणि भाजलेले चेस्टनट खाऊन "आपले शेंगदाणे बरे" असा निकाल दिला) मी तळघरात गेले. गाडी घेताना त्या मालकाने मला केळ्यांचा एक खोका दिला होता. इथे जुन्या गाडीबरोबर केळ्यांचा खोका येतोच, आधी काढलेले सगळे भाग त्यात कोंबलेले असतात. तेरा वर्षं मी तो उघडला नव्हता. वर एक फाटलेला होज, त्याखाली १९९४ चं वर्तमानपत्र, आणि त्यात गुंडाळलेली फुंकणी.

हाताने फिरवून पाहिली. अर्धा फेरा गेली आणि गुळात रुतल्यासारखी थांबली.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर एका ओळीचं: फेकून द्या, याची कोणाला गरज लागते. आईने विचारलं काय म्हणतोय. मी सांगितलं. तिने शाल सारखी केली. बस, एवढंच. माझ्या आईचं न बोलणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत.

रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, म्हटलं तेच १९९४ चं चालेल. नवरा त्याचा कॉफीचा कप घेऊन निमूट दुसऱ्या खोलीत गेला. मोटार उघडली. साधी, १२ व्होल्टची, आपल्याकडच्या मिक्सरच्या मोटारीची थोरली बहीण म्हणा. मधलं फिरणारं आर्मेचर, त्याच्या टोकाला वीज आत घेणारा कम्युटेटर, त्यावर टेकणारे दोन कार्बन आणि शाफ्ट ज्यांत फिरतो ते दोन टोकांचे बुश. कार्बन अर्धेअधिक शिल्लक होते, पण एकाची स्प्रिंग काळ्या भुकटीत अडकून बसली होती, त्यामुळे तो कार्बन कम्युटेटरला टेकतच नव्हता. कम्युटेटर तांब्याचा असतो हे माहीत असलं म्हणून ठीक, रंगावरून तो जळका तवा वाटत होता. बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्याच्याभोवती धरून आर्मेचर हळूहळू फिरवत राहिले. आधी काळं, मग तपकिरी, मग एकदम कोपऱ्यातून तांबडी चमक. पट्ट्यांच्या मधल्या खाचा आईने दिलेल्या शिवणाच्या सुईने कोरल्या. ती चष्मा लावून शेजारी बसली होती आणि एकही खाच सुटली तर बोट ठेवत होती.

जाम झालं होतं ते बुशमुळे. हे बुश दाबून भाजलेल्या काशाच्या भुकटीचे असतात, भाजलेल्या विटेसारखे सच्छिद्र. कारखान्यातून येताना ती छिद्रं तेलाने भरलेली असतात आणि मोटार गरम झाली की तेल आपोआप शाफ्टवर झिरपतं. तीसेक वर्षांत ते तेल आटून डिंक झालेलं. डिंकावर वरून नवीन तेलाचा थेंब टाकून उपयोग नसतो, ही चूक बरेच जण करतात. बुश आधी पेट्रोलमध्ये धुतले, मग तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तासभर त्यात बुडवून ठेवले. बुडबुडे येतात तेव्हा बघायला मजा येते, आत अडकलेली हवा बाहेर आणि तेल आत. आई म्हणाली, "अनारसे तळतेयस की काय."

पेट्रोलचा उद्योग बाल्कनीत केला, हे नमूद करते.

तिसरी गोष्ट रेझिस्टन्सची, आणि मला यातली कल्पकता फार आवडते. जुन्या घरांत सिलिंग फॅनचा तो काळा, जाडजूड रेग्युलेटर आठवतो? हात लावला तर गरम लागायचा, कारण पंखा हळू करायचा म्हणजे उरलेली वीज तो स्वतःच्या अंगात जिरवायचा. या पंख्यातही हळू वेगासाठी तसाच रेझिस्टन्स आहे, फक्त तो पंख्याच्याच वाऱ्यात बसवलाय. पंखा फिरतो तोवर स्वतःच्या रेग्युलेटरला वारा घालत राहतो. पण पंखा अडकला की वारा बंद, आणि वीज चालूच. मग रेझिस्टन्स होरपळतो. माझ्या खोक्यातल्या फुंकणीत नेमकं तेच झालेलं दिसत होतं, तारेचं एक वेटोळं तुटून लोंबत होतं. म्हणजे आधी तेल आटलं, मग मोटार रुतली, मग रेझिस्टन्स जळला, मग पंखा "खराब" ठरला आणि मग सरळ पाइप आला. वजन आणि देखणेपणा ही कारणं बहुधा नंतर सुचलेली.

नवीन रेझिस्टन्स मागवला, आठवड्याने आला. बसवला, टेबलावरच १२ व्होल्ट दिले. खर्रर्र असा आवाज, आणि माझ्या पॉवर सप्लायचा फ्यूज उडाला. मान खाली घालून सांगते, चूक माझीच. पंख्याचं चाक शाफ्टवर दोनेक मिलिमीटर जास्त आत ठोकलं होतं, ते कवचाला घासत होतं. ज्या बाईला या कामाचा महिन्याला पगार मिळतो तिच्याकडून हे झालं. आई काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर मी सातवीत गणितात नापास झाले तेव्हाचा भाव होता. चाक बाहेर ओढून परत लावलं. या वेळी आधी टिचकी मारून पाहिली: चार फेरे, न कुरकुरता. वीज दिली आणि टेबलावरच्या वर्तमानपत्राने उडी मारली.

गाडीत बसवायला एक अख्खी दुपार गेली, हात जाईल तिथे डोळा जात नाही आणि डोळा जाईल तिथे हात. सरळ पाइप काढला, होज बसवले. इंजिनाच्या खोलीतच डावीकडे छोटी फ्यूजपट्टी आहे, तिथला पंख्याचा फ्यूज जागेवर नव्हताच. या गाडीत अजून ते जुने, टोकदार चिनी मातीचे फ्यूज असतात, रंगावरून ओळखायचे. २५ अँपिअरचा निळा टाकला.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा आत जो वास आला त्याचं वर्णन आईनेच केलं: कोणीतरी जुनी गोधडी तव्यावर भाजतंय. तेरा वर्षं कोणी न हलवलेली धूळ ती. पण तिच्यात तेलाचाही वास होता, आणि त्याच्याकडे काणाडोळा करून चालत नाही. इंजिनाच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून, म्हणजे झाकणाच्या सांध्यातल्या पट्टीतून, थेंब थेंब तेल हीट एक्सचेंजरवर पडलं की वास थेट पायांशी येतो. तो वास नुसता त्रासाचा. खरी भीती वेगळी. आतला पत्रा गंजून त्याला भोक पडलं तर ताज्या हवेत जळका वायू मिसळतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्येही ऊब याच पद्धतीने येते, तिथेही हीच भीती. म्हणून जॅकवर गाडी चढवून दोन्ही एक्सचेंजर टॉर्च घेऊन तपासले, गॅस्केट बदलली, आणि घरात लावतात तसला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आईच्या सीटमागे ठेवला. अर्धा तास इंजिन चालू ठेवून फुंकणी पूर्ण वेगात. आकडा शून्यावरून हलला नाही. हे ज्याला करायचं नसेल त्याने हिवाळ्यात शालच पांघरावी.

आईचा परतीचा विमानप्रवास जानेवारीच्या शेवटी होता. त्याआधी एक कोरडा शनिवार मिळाला, बाहेर उणे चार. आम्ही मुद्दाम त्याच रस्त्याने एसलिंगेनला निघालो. बाजार कधीच उठलेला, तिथे काही काम नव्हतं, फक्त मला ट्रॅफिक जाम हवा होता. जाम शोधत फिरणारी त्या दिवशी बी-१० वर मी एकटीच असेन. आणि नेहमी नको तेव्हा होणारा जाम त्या दिवशी होईना. शेवटी ओबरटुर्कहाइमजवळ रस्त्याचं काम निघालं आणि आम्ही थांबलो.

मागून बारीक घूंऽऽ असा आवाज सुरू होता. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. काच स्वच्छ. पायांना ऊब. आईने आधी हातमोजे काढले, मग स्वेटरची वरची दोन बटणं उघडली. मग शाल काढून घडी केली आणि मागच्या सीटवर टाकली. मी समोरच बघत होते, जणू काही माझं लक्षच नाही.

पुढचा रस्ता मोकळा झाला. मी गिअर टाकले, इंजिन तीन हजारांच्या वर गेलं, आणि आता मोठ्या पंख्यानेही जोर धरला. या गाड्यांच्या हीटरला मधला मार्ग माहीत नाही, एक तर उपास नाहीतर जेवणावळ. दोन मिनिटांत पायांशी तंदूर लागला.

"पुरे, पुरे की गं आता," आई काच खाली करत म्हणाली, "भाकरी भाजायची आहे का माझी?"